हवा बदलायला लोणीला

सदाशिव पेठेतून टेम्पो निघाला तेव्हा हे पुढच्या सीटवर काच वर करून, नाकाला रुमाल लावून बसले होते. मागे आमचा संसार दोरीने बांधलेला. खालच्या मजल्यावरच्या नानांनी गॅलरीतून विचारलं, "हवापालटाला लोणी काळभोर? का, महाबळेश्वर बंद आहे?" एरवी यांनी नानांना सोडलं नसतं. पण बोलायला श्वास लागतो, आणि तो हे तेव्हा जपून वापरत होते.

आपल्या इमारतीतले तुम्ही, मागे राहिलेले आणि मुलांपाठोपाठ अमेरिकेला, हिंजवडीला गेलेले, सगळेच अजून विचारता की भर पेठेतला फ्लॅट का सोडला. खरं तर यांना लहानपणी कोकणातून पुण्यात आणलं तेच दम्यासाठी. "पुण्याची हवा कोरडी, पोराची छाती मोकळी होईल," असं सासरे म्हणायचे, आणि झालीही होती. तेव्हा रस्त्यावर सायकली होत्या. मग स्कूटर आल्या, मोटारी आल्या, आणि गेल्या काही वर्षांत आसपासची एकेक इमारत पाडून पुन्हा बांधायला घेतली. सिमेंटची धूळ दुधाच्या पातेल्यापर्यंत यायची. दिवाळी आम्ही दाराच्या फटीत ओले टॉवेल खोचून काढायचो. शेवटी डॉक्टर म्हणाले, "औषध मी वाढवीन हो, हवा कुठून आणू?"

लोणीत आल्यावर हे चक्क सकाळचे चालायला जाऊ लागले. मला वाटलं, जिंकलो. मग रस्त्याकडेला कोणीतरी प्लास्टिकचा कचरा पेटवला आणि यांनी अस्सल पेठी उपाय केला. निवृत्त चित्रकला शिक्षक ते. सुबक अक्षरात पाटी रंगवून फाटकावर लावली: "येथे दम्याचा रुग्ण राहतो. जाळपोळीची हौस असल्यास ती आपल्या स्वयंपाकघरात भागवावी." मी पोटभर हसले. पेठेत असली पाटी वाचून लोक तिचं कौतुकच करतात.

थंडीत शेजारच्या संपतरावांचा ऊस तुटून गेला. एका सकाळी वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख पडू लागली आणि पाठोपाठ धूर आला. रानात पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवला होता. मी खिडक्या लावेपर्यंत हे गुडघ्यांवर हात टेकून पलंगाच्या कडेला बसले होते, खांदे पार कानापर्यंत चढलेले. पंप मारला, पुन्हा मारला. छातीतून नुसती शिट्टी. वाफेचं मशीन लावलं आणि लाइट गेली. पेठेत कोपऱ्यावर दवाखाना होता, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. यांचे ओठ निळसर दिसले तशी मी अनवाणी बांधावर धावले आणि ज्याने आग लावली त्यालाच हाका मारल्या. हाकेच्या अंतरावर दुसरं होतं कोण?

संपतराव पिकअप घेऊन आले. यांना जवळजवळ उचलूनच आत बसवलं. सोलापूर रस्त्यावर ट्रकांच्या मागे अडकलो तेव्हा यांनी माझा हात इतका आवळला की बांगडी पिचली. मग शिट्टीचा आवाज कमी झाला. मला हायसं वाटलं. दवाखान्यात कळलं की हवा आत जातच नव्हती, म्हणून आवाज नव्हता.

ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली. यांच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला तेव्हा बाहेर येऊन मी संपतरावांवर तुटून पडले. "माणूस गेला असता माझा! आधी सांगता येत नव्हतं?"

ते खाली बघत म्हणाले, "काल आलतो की काकू सांगाया. म्हनलं, उद्या पाचट पेटवायचंय, काकांना घेऊन दिवसभर कुटंतरी जावा. फाटकावर पाटी वाचली. आपल्याला सयपाकघरात जाळ म्हनत्यात, मग कशाला आत जायचं? फिरलो माघारी."

ज्याच्यासाठी ती पाटी नव्हती, त्यालाच ती लागली होती.

घरी आल्यावर यांनी स्वतःच ती उतरवली. मी बघते आहे म्हटल्यावर म्हणाले, "अक्षर जमलं नव्हतं."

धूर संपला असं समजू नका. आसपास कोणी ना कोणी काही ना काही पेटवतंच, आणि पहिला वास आला की मी अजून धावत जाऊन खिडक्या लावते. औषधांची पिशवी दारामागे भरलेली असते. तुमची आठवण येते, नानांच्या तिरकस बोलण्याचीसुद्धा. पण परवा सकाळी संपतरावांचा फोन आला. "काकू, वारं तुमच्या घराकडं हाय. मानसं बोलावली व्हती, पन आज नाय पेटवत. काकांना म्हनावं, खुशाल फिराया जावा."

फोन ठेवून मी रडले. पेठेत माझी जिवाभावाची माणसं आहेत, पण यांच्या श्वासासाठी कोणी हातातलं काम थांबवल्याचं मी तिथे पाहिलं नव्हतं. परत कधी येणार, असं तुम्ही विचारता. येऊ की, पाहुणे म्हणून.