देवाला दम देणारे फादर

देवाला भिणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. देवच ज्याला जरा भिऊन असावा असा माणूस मात्र मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो देवाच्याच नोकरीत होता. अंधेरीला मरोळच्या बाजूला आमची बिल्डिंग आणि चर्च यांच्यामध्ये एक भिंत आहे. त्या भिंतीपलीकडे फादरांची बाग. बाग म्हणजे काही पपया, एक शेवगा आणि कोपऱ्यात अळू. सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपली, की फादर पांढरा झगा गुडघ्यापर्यंत खोचून, हातात झारी घेऊन तिथे उभे राहायचे आणि देवाची हजेरी घ्यायचे. मनातल्या मनात नव्हे, चांगल्या खणखणीत आवाजात. "पाणी मी घालायचं, खत मी आणायचं, आणि तू काय पाठवलंस? मावा! लाज नाही वाटत तुला?" आम्ही गॅलरीत दात घासत हे ऐकायचो. पपईवर कीड पडली की देवाला बोलणी, नळाला पाणी आलं नाही की देवाला बोलणी, मेट्रोवाल्यांनी रस्ता खणून ठेवला आणि बुजवला नाही, तरी बोलणी देवालाच. महापालिकेचं नावसुद्धा कधी त्यांच्या तोंडी आलं नाही. फिर्यादीने हवालदाराला सोडून थेट साहेबाची गचांडी धरावी, तसला तो प्रकार होता.

माणसांशी मात्र त्यांचं वागणं उलट. बिल्डिंगमधल्या शेंबड्या पोरालाही ते "आपण आज शाळेत गेला नाहीत वाटतं?" असं विचारायचे, आणि ते पोर घाबरून खरंच शाळेत जायचं. चर्चच्या पायरीवर पसरलेल्या कुत्र्यालासुद्धा मी त्यांना "जरा सरकता का?" म्हणताना ऐकलं आहे, आणि कुत्रा सरकलेलाही पाहिला आहे. एकदा मी धीर करून विचारलं, "फादर, सगळ्या जगाला तुम्ही अहो-जाहो करता, मग एकट्या देवालाच अरे-तुरे का?" ते म्हणाले, "माणसांशी माझी तेवढी ओळख कुठे आहे, ताई? त्याच्याशी लहानपणापासूनची आहे." त्यांचा जन्म वसईच्या वाडीतला. वडील केळी लावायचे, आणि वादळात बाग झोपली की ते आधी देवाशी कचाकचा भांडायचे आणि मग केळीचे नवे कोंब, मुनवे, लावायला घ्यायचे. मुलाने वडिलांच्या धंद्यातला पहिला भाग तेवढा पुढे चालवला, असं आमची आई म्हणे.

फादर लोकांच्या ठरलेल्या बदल्या होत असतात. आमचेही दोनदा गेले आणि दोनदा परत आले. परत का आले हे चर्चमधल्या मंडळींना विचारलं, तर ती नुसती हसत. फादरना विचारलं, तर म्हणाले, "तिकडच्या जमिनीत पपई धरत नव्हती." मला वाटतं, तिकडच्यांना त्यांचं प्रवचन झेपलं नसावं. एका रविवारी प्रवचन चालू असताना पुढच्या बाकावरच्या एका गृहस्थाने हळूच घड्याळ पाहिलं. फादर थांबले. "आपल्याला काही काम आहे का? मग आपण निघा. मी देवाला सांगतो, साहेबांना घाई होती." अख्खं चर्च त्या गृहस्थाकडे बघायला लागलं. ते बिचारे शेवटपर्यंत बसले आणि पुढे रविवारी घड्याळ घरी ठेवून येऊ लागले.

पण आमच्या बिल्डिंगला त्यांनी जो लळा लावला, तो एका चुकीने. ईस्टरनंतर फादर आपल्या लोकांच्या घरोघरी जातात, प्रार्थना म्हणतात आणि पवित्र पाणी शिंपडून घराला आशीर्वाद देतात. फादर नवीन असताना ते आमच्या मजल्यावर आले. जायचं होतं समोर हिल्डा आंटीकडे. शिरले आमच्याकडे. आई बांगडे तळत होती, बाबा पालथे झोपले होते. फादरनी डोळे मिटून प्रार्थना म्हटली आणि सढळ हाताने पाणी उडवलं. ते बाबांच्या पाठीवर पडलं, टीव्हीवर पडलं, कढईत पडून चर्र झालं आणि देव्हाऱ्यातल्या गणपतीलाही पोचलं. डोळे उघडल्यावर त्यांना गणपती दिसला. "माफ करा," ते म्हणाले, "पण शिंपडलेलं आता परत घेता येत नाही." आई म्हणाली, "असूंदे फादर, पाणीच मा ता. देवाक काय थंडी वाजाची नाय." आणि त्यांना एक बांगडा खायला लावूनच सोडलं. पुढच्या वर्षी फादर नेमके समोरच्या दारात शिरले, तर आई पदर खोचून जिन्यात उभी. "यंदा आमका वगळलास काय?" झालं. मग वरच्या मजल्यावरच्या कांबळ्यांनीही बोलावलं. फादर त्यांच्याकडे बुद्धांच्या तसबिरीपुढे हात जोडून शांत उभे राहत, आणि मग मुलांच्या परीक्षांची चौकशी करत चहा पीत. त्यांचा हा ईस्टरचा फेरा लांबत लांबत कधीकधी गणपतीपर्यंत यायचा. धर्म कुणी कुणाचा बदलला नाही. फक्त घरात काही बिनसलं, की "फादरांच्या कानावर घाल" असं म्हणायची आम्हा सगळ्यांना सवय लागली.

आणि तरीही, फादर काळी पिशवी घेऊन जिना चढताना दिसले, की आम्ही हातातलं काम टाकून ते कुठल्या दाराशी थांबतात ते बघायचो. कारण त्या पिशवीत तेलाची बाटली आणि छोटं पुस्तक असे. ख्रिस्ती माणूस अखेरच्या वाटेवर असला, की फादर त्याच्या कपाळाला ते तेल लावतात, आणि अगदी शेवटी एक प्रार्थना वाचतात. तिचा अर्थ साधारण असा, की आता नीघ, तुझ्या घरी जा, तिथे सगळे तुझी वाट पाहताहेत. ही प्रार्थना फादर कधीच घाईने वाचत नसत. त्यांचा अनुभव असा होता, की माणूस ती ऐकतो आणि खरोखरच निघतो. म्हणून पुस्तक मांडीवर मिटून ठेवून ते नुसते बसून राहत. त्यांचं ते बसणं पाहायला हवं होतं. हात गुडघ्यावर, नजर आजाऱ्याच्या तोंडावर, आणि चेहऱ्यावर दुसरं कुठलंच काम नसल्याचा भाव. मरणाच्या इतक्या जवळ इतक्या निवांतपणे बसलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या खोलीत शिरलं, की आपलाही आवाज आपोआप खाली येई.

हिल्डा आंटी आमची दारासमोरची शेजारीण. अस्सल ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईची मूळची ख्रिस्ती, विधवा, आणि जीभ अशी की मिरचीला ठसका लागावा. उन्हाळ्यात ती गच्चीवर वर्षाचा मसाला करायची, तेव्हा अख्खी बिल्डिंग शिंकत असे. फादरांच्या तोंडावर "आज प्रवचनात मीठ नव्हता" असं सांगणारी ती एकटीच. तिचा एकुलता एक मुलगा बेंजी मस्कतला. बापाचं गावठाणातलं घर बिल्डरला द्यावं असं त्याचं म्हणणं, आणि माझ्या मढ्यावरून दे, असं तिचं. त्या भांडणात तो "पुन्हा तुझ्या दारात पाय ठेवणार नाही" असं बोलून गेला आणि वर्षानुवर्षं त्याने ते पाळलं. तीही पक्की, त्याचं नाव घेत नसे. पुढे तिला कॅन्सर झाला आणि डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. तेव्हाही नाव काढलं नाही. फक्त जिन्यात पावलं वाजली, की तिची मान दाराकडे वळायची.

ते फादरनी पाहिलं. कुणाकुणाला विचारून त्यांनी बेंजीचा नंबर मिळवला आणि आमच्याच घरात बसून फोन लावला. "बेंजामिनसाहेब, आपल्या आईशी आपलं भांडण अर्धं राहिलेलं आहे. या आणि पुरं करा. नंतर ते एकट्याने करता येत नाही." मग तो येतो म्हणाला. पण त्याचा पासपोर्ट कंपनीच्या ताब्यात, साहेब रजेवर, आणि इकडे आंटीचा श्वास लागायला लागला होता.

आता प्रश्न एवढाच होता, की आधी कोण पोचतं. फादरनी तेल लावलं, पुस्तक मांडीवर मिटून ठेवलं आणि खुर्ची ओढून बसले. आंटी वेदनेने कण्हायची, मधेच शुद्ध हरपायची. तिची बहीण वर्सोव्याहून आली होती. ती रडत म्हणाली, "फादर, वाचून टाका आता." फादर म्हणाले, "अजून नाही." आणि आंटीच्या कानाशी वाकून तिला मसाल्याची कृती सांगायला लागले. सगळी चुकीची! मिरच्या भाजून घ्यायच्या, त्यात गूळ घालायचा, वर साबुदाणा. आंटीच्या मिटल्या डोळ्यांवरच्या भुवया हळूहळू आक्रसल्या. "बघा," फादर आम्हाला म्हणाले, "राग आला. राग आहे तोवर त्या आहेत." आम्ही रडत होतो, आणि हसूही आवरत नव्हतं. मग ते गॅलरीत गेले. आमच्या डोक्यावरून विमानं सारखी उतरत असतात. त्यांच्याकडे बोट करून त्यांनी आभाळाला दम भरला, "इतकी उतरवतोस, त्यात एक त्याचं उतरवता येत नाही तुला? मी इथून हलणार नाही, सांगून ठेवतो!" दुसऱ्या दिवशी तर आंटीचं कण्हणं आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायला लागलं. आईने मला बाजूला घेतलं. "फादरांक सांग गो, पुस्तक उघडूक. बायेचे हाल बघवनत नाय." मी जाऊन सांगितलं. फादरनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या क्षणी मला त्यांचा रागच आला.

बेंजी आला तो सकाळी, उन्हं वर आल्यावर. दारापर्यंत आला आणि उंबऱ्याबाहेर थबकला. पाय पुढे पडेना. फादर उठले, त्यांनी त्याच्या हातातली बॅग घेतली आणि त्याला खांद्याला धरून आपल्या खुर्चीत बसवलं. आंटीने डोळे उघडले. त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. "आयलास?" ती म्हणाली. "केस किती पिकले रे तुजे. बापाच्या वरताण." बेंजीने तिचा हात आपल्या डोक्यावर ओढून घेतला आणि लहान मुलासारखा हुंदके द्यायला लागला. ती त्याच्या केसांतून बोटं फिरवत राहिली, आणि तिचं कण्हणं थांबलं. ते कसं थांबलं, मला सांगता येणार नाही. थोड्या वेळाने फादरनी पुस्तक उघडून त्याच्या हातात दिलं. "मला नाही जमणार, फादर." "वाचता येतं ना आपल्याला? मग वाचा." तो अडखळत, चुकत वाचू लागला. वाचन संपल्यावर काही वेळातच आंटी गेली.

मरणाला दारात उभं करून ठेवणारे फादर म्हणून त्यांची कीर्ती त्या दिवशी आरे कॉलनीपर्यंत पोचली. मी तर भारावूनच गेले होते. मला वाटलं, आता हे बागेत उभे राहून देवाला शाबासकी देणार. पण दुसऱ्या दिवशी फादरनी गुपचूप झाडांना पाणी घातलं आणि आत निघून गेले. तिसऱ्या दिवशीही तेच. पुढे वय झालं म्हणून ते निवृत्त होईपर्यंत त्यांनी पुन्हा कधी देवावर आवाज चढवला नाही.

हल्ली ते म्हाताऱ्या धर्मगुरूंच्या आश्रमात राहतात. गेल्या महिन्यात मी भेटायला गेले. तिथेही बाग आहे, पण माळी त्यांना झारी देत नाही. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी म्हटलं, "काही म्हणा फादर, आंटीच्या वेळी देवाला तुमचं ऐकावं लागलं." ते आपल्या तळव्यांकडे बघत बसले.

"त्यांना फार दुखत होतं हो, ताई," ते म्हणाले. "त्यांची बहीण सांगत होती, तुमची आई सांगत होती. मी पुस्तक मिटून बसलो. बेंजीसाठी बसलो, की देवासमोर माझा शब्द खाली पडू नये म्हणून बसलो, ते मला अजून कळलेलं नाही."

"मग विचारा की तुमच्या देवाला."

"त्याचा काय संबंध? सोसलं हिल्डाबाईंनी. वर गेलो, की पहिल्यांदा त्यांच्याकडे जायचं. देव थांबेल थोडा."

"त्या शिव्या घालतील, फादर."

"घालू देत," ते म्हणाले. "नुसत्या गप्प बसल्या नाहीत म्हणजे झालं."

मी माझी खुर्ची त्यांच्या खुर्चीजवळ ओढली. भेटीची वेळ संपल्याचं सांगायला आश्रमातली बाई दोनदा येऊन गेली, तरी आम्ही तसेच बसून होतो.