खुंटीवरची शाल

बटणवाल्या बाईंची आणि माझी ओळख प्रौढ साक्षरता वर्गात झाली. त्या सर्वांत मागच्या बाकावर, भिंतीला पाठ लावून बसत; कारण तेथे बसले म्हणजे मागून कोणी आपल्या वहीत डोकावू शकत नाही. मी पहिल्या दिवशी उशिरा पोहोचले आणि मला त्यांच्या शेजारची जागा मिळाली. आठ दिवस त्यांनी आपली वही डाव्या हाताने झाकून ठेवली. नवव्या दिवशी तो हात बाजूला झाला, आणि तेव्हापासून मी त्यांच्या विश्वासातली झाले असे मी मानते. पुढील हकिगत काही मी डोळ्यांनी पाहिलेली आहे आणि काही त्यांनी स्वतः सांगितलेली आहे.

बाईंचा व्यवसाय सदऱ्यांना बटणे लावण्याचा. कारखान्यातून सदऱ्यांचे गठ्ठे येत, बाई दारात बसून बटणे लावत आणि गठ्ठा परत देण्यापूर्वी प्रत्येक सदऱ्याचे शेवटचे बटण ओढून पाहत. ते त्यांनी स्वतःच लावलेले असले तरी ओढून पाहत. घर दोन खोल्यांचे होते, मागे अंगण आणि अंगणात पत्र्याची शेड. शेडमध्ये मामी नावाची शेळी, तिचे करडू आणि नऊ कोंबड्या राहत. म्हाताऱ्या कुत्र्याचे नाव वकील होते, कारण तो कोणाचेही म्हणणे पुरे होऊ देत नसे. याखेरीज एक बोका होता. तो तसा कोणाचाच नव्हता, पण जेवायला बाईंकडे असे.

बाईंना एकच धाकटी बहीण. ती बसने पाच तासांच्या अंतरावर राहते. तिचा नवरा वारला तेव्हा बाई सकाळी पोहोचल्या आणि दुपारच्या बसने परतल्या, कारण मामीची धार काढायची होती. ते बहिणीच्या मनातून कधी गेले नाही. आता तिच्या खुब्याचे ऑपरेशन ठरले होते आणि तीन आठवडे तिच्याजवळ कोणीतरी असणे आवश्यक होते. तिने फोन केला.

"या खेपेला हजेरी लावून पळायचं असेल तर येऊच नकोस, अक्का."

"अगं, पण मुकी जनावरं कुणावर टाकू?"

"मीही मुकीच होते त्या दिवशी. ये नाहीतर नको येऊस. पण हे शेवटचं बोलावणं समज."

बाईंनी फोन ठेवला आणि त्या दिवशी त्यांच्या हातून एक बटण उलटे लागले. तीस वर्षांत असे प्रथमच झाले, असे त्यांनी मला सांगितले.

म्हणून घर आणि जनावरे सांभाळणारे माणूस शोधणे सुरू झाले. प्रथम त्यांच्या चुलत बहिणीची मुलगी येऊन गेली. तिने विचारले, "मावशी, कोंबड्या रविवारीसुद्धा एवढ्या लवकर उठतात का गं?" तिला चहा पाजून घरी पाठवण्यात आले. नंतर कारखान्याचा वॉचमन आला. त्याने दाराची दुसरी किल्ली कुठे असते एवढेच विचारले. त्याला चहासुद्धा मिळाला नाही. अखेरीस आमच्या वर्गाच्या शिक्षिकेने एका गृहस्थांना पाठवले. ते ग्रंथालयातील निवृत्त शिपाई होते. अतिशय स्वच्छ कपडे, हळू आवाज. दाराबाहेर चपला काढल्या त्यासुद्धा टोकाला टोक जुळवून. बाईंना तेथेच शंका आली.

"तुम्हाला स्वतःचं घर आहे ना?"

"आहे. तिसऱ्या मजल्यावर एक खोली आहे."

"मग ते सोडून माझ्या घरात कशाला राहायचंय?"

"तिथं माझ्याशिवाय कुणी हलत नाही, बाई. लहानपणी आमच्याकडे सात शेळ्या होत्या."

"त्या सातांचं काय झालं?"

"वडील गेले. विकाव्या लागल्या."

"म्हणजे विकायची सवय आहे," बाई म्हणाल्या.

शिपाई हसले. बाई हसल्या नाहीत. ते गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "ताई, माणूस फार सभ्य आहे. इतकं सभ्य कुणी उगीच नसतं."

तरीही दुसरे कोणी मिळेना आणि ऑपरेशनची तारीख दोन आठवड्यांवर आली. तेव्हा बाईंनी दोन दुपारी खर्च करून स्वतःच्या हाताने सूचनांचा कागद लिहिला. एवढा मोठा मजकूर त्यांनी आयुष्यात प्रथमच लिहिला होता. मी केवळ जोडाक्षरे तपासली. सूचना सत्तावीस होत्या. भुसा किती, पाला कोणता, खुराड्याची कडी कशी दोनदा लावावी, वकिलाला उजव्या बाजूने हात लावू नये. शेवटची सूचना अशी होती: आतल्या खोलीत पाऊल ठेवू नये. तिच्याखाली दोन रेघा होत्या.

मग बाईंनी मला आपला बेत सांगितला. शिपायांना सांगायचे की बहिणीकडे निघाले आहे. बसमध्ये बसायचे, पुढच्याच थांब्यावर उतरायचे आणि मागच्या गल्लीने माझ्या घरी येऊन चार दिवस राहायचे. माझ्या गच्चीवरून दोन छपरांपलीकडे त्यांचे अंगण दिसते. निघण्यापूर्वी त्यांनी आतल्या खोलीच्या जमिनीवर पिठाचा पातळ थर चाळून पसरला. कोणी पाऊल टाकले तर ठसा उमटावा हा हेतू. मी म्हणाले, "बाई, हे बरं दिसत नाही." त्या म्हणाल्या, "दिसायलाच नको आहे."

सोमवारी त्या वाजतगाजत निघाल्या आणि अर्ध्या तासात घामाघूम होऊन माझ्या स्वयंपाकघरात हजर झाल्या. त्या दिवसापासून माझी गच्ची त्यांची कचेरी झाली. शिपाई अंगण झाडत, घमेली घासत, भुशाच्या रिकाम्या पोत्यांच्या घड्या घालत. मंगळवारी त्यांनी वकिलाला आंघोळ घातली. "बघा, पुरावा धुऊन काढतोय," बाई म्हणाल्या. पण कसला पुरावा हे त्यांना सांगता आले नाही.

खरा घोर दुधाचा होता. मामीचे सकाळचे दूध माझ्या घरासमोरचा चहावाला घेत असे. बाईंनी त्याला आपल्या कटात सामील करून घेतले. मंगळवारी तो हळूच येऊन म्हणाला, "बाई, आज भांडं अर्धंच."

"अर्धं प्याला!" बाई म्हणाल्या.

बुधवारी भांड्याचा नुसता तळ झाकला होता. बाईंनी कपाळाला हात लावला. "आता घरचं समजून पितोय. सात शेळ्यांची भूक आहे ती."

गुरुवारी मात्र भांडे काठोकाठ भरले होते. मला वाटले, आता तरी समाधान होईल. बाईंनी चहावाल्याकडून चमचाभर दूध मागून घेतले आणि एक थेंब नखावर ठेवून हात तिरपा केला. थेंब जागचा हलला नाही. पाणी नव्हते.

"मग आता काय म्हणता?" मी विचारले.

"दुसऱ्या कुणाची तरी शेळी पिळली असेल," त्या म्हणाल्या, पण त्यांचा आवाज खाली आला होता. बहिणीचे ऑपरेशन आठ दिवसांवर होते आणि बाईंनी अद्याप तिकीट काढले नव्हते. रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "हा माणूस खोटा निघाला तर मी जाऊ शकत नाही, ताई. आणि गेले नाही तर बहीण गेली."

शुक्रवारी सकाळी त्या नेहमीपेक्षा लवकर गच्चीवर गेल्या आणि एकदम ओरडल्या, "माझी शाल!"

मी धावत वर गेले. अंगणातून एक आकृती शेडकडे जात होती. डोक्यावरून तपकिरी शाल घेतलेली. ती बाईंची रोजची शाल होती आणि ती आतल्या खोलीत, दाराजवळच्या खुंटीला असे. बाई चप्पल न घालता जिना उतरल्या. मी मागोमाग. दोन गल्ल्या आम्ही कशा ओलांडल्या ते आमच्या गुडघ्यांना ठाऊक.

शेडच्या दारात बाई थांबल्या. आत शिपाई उकिडवे बसले होते. शाल डोक्यावरून खांद्यापर्यंत ओढलेली, दोन्ही हात मामीच्या कासेला आणि भांड्यात दुधाच्या धारा वाजत होत्या. आणि ते चिरक्या आवाजात मामीला बोलत होते: "उभी राहा गं सटवे! तुझ्या मागं मी म्हातारी झाले. लाथ मारलीस तर याद राख!"

हे शब्द बाईंचे होते. स्वरही बाईंचाच होता.

वकील भुंकला. शिपायांनी मान वळवली आणि शाल मागे सरकवली. त्यांचा चेहरा लाल झाला, पण हात थांबले नाहीत. अर्धी धार सोडून उठायचे नसते हे त्यांना ठाऊक होते.

"आतल्या खोलीत गेलात?" बाईंनी विचारले.

"नाही, बाई. उंबऱ्यावरून झाडूच्या दांड्यानं अलगद उचलून घेतली."

बाई घरात गेल्या. पीठ जसेच्या तसे होते. त्यावर फक्त बोक्याची पावले होती, खोलीभर हिंडून आलेली. बाई बराच वेळ ती पावले पाहत राहिल्या. त्या बाहेर आल्या तेव्हा शिपाई भांडे झाकून उभे होते.

"पहिल्या दिवशी लाथ मारली तिनं," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी पान्हाच सोडेना. कागद दहा वेळा वाचला. त्यात सगळं होतं. पण तुम्ही धार काढताना तिच्याशी काय बोलता ते नव्हतं."

"मी कुठं काय बोलते?"

"चहावाल्यानं सांगितलं. तो म्हणाला, रस्त्यापर्यंत ऐकू येतं."

मला हसू आवरले नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिले तेव्हा मी मामीच्या करडाला कुरवाळू लागले. तीस वर्षे ज्या गोष्टीवाचून एक दिवस गेला नाही ती गोष्ट बाईंना स्वतःलाच ठाऊक नव्हती, मग ती कागदावर कोठून येणार?

"बहीण कशी आहे?" शिपायांनी अगदी साध्या आवाजात विचारले.

बाईंनी स्वतःकडे पाहिले. पायात चप्पल नाही, खांद्यावर पिशवी नाही.

"वकील सोमवारपासून रोज संध्याकाळी त्या गच्चीकडे तोंड करून बसतो," शिपाई म्हणाले. "शेपूट हलवतो. मी म्हटलं, असेल काही कारण."

"आणि बोलला नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत." मग त्यांनी शाल काढली आणि काठाला काठ जुळवून घडी घालू लागले. "आजच धुऊन खुंटीला लावणार होतो."

बाईंनी ती घडी त्यांच्या हातून जवळजवळ हिसकावूनच घेतली, आणि शाल होती तशी, चुरगळलेली, शेडमधल्या खिळ्याला अडकवली. मामीने मान लांबवून ती हुंगली.

त्याच दुपारी त्यांनी तिकीट काढले. याचा अर्थ त्यांचा संशय संपला असा कोणी घेऊ नये. आतल्या खोलीतील पेटीला त्यांनी नवे कुलूप लावले आणि कोंबड्या पुन्हा एकदा माझ्यासमोर मोजल्या. परंतु पीठ मात्र त्यांनी स्वतः पुसून काढले. त्या तीन आठवडे पूर्ण राहिल्या, आणि बहिणीने पुढे मला फोनवर सांगितले की अक्का रोज सकाळी तिची उशी सारखी करताना तिलाही "उभी राहा गं सटवे" असे म्हणत असे.

बहिणीकडे निघण्याच्या दिवशी पिशवी घेऊन शिपाई बसथांब्यापर्यंत आले होते. "आणखी काही लिहून देणार का?" त्यांनी विचारले. बाईंनी नकारार्थी मान हलवली. बस सुरू झाली तेव्हा त्यांनी खिडकीतून डोके बाहेर काढले आणि प्रथमच शिपायांना नात्याने हाक मारली.

"भाऊ, एवढं करा. ती शाल धुऊ नका."