श्रद्धांजलीनंतरची पानं

पुस्तक सुरू होण्याआधी लेखक दोन-चार पानं जे काही बोलून घेतो, त्याला काय म्हणायचं यावर आमचा आख्खा पावसाळा गेला. आम्ही भोपाळचे लोक त्याला मनोगत म्हणत होतो, इंदूरचे प्रस्तावना, ग्वाल्हेरचे 'दोन शब्द' आणि उज्जैनचे भूमिका. चार गावांतल्या मराठी मंडळांनी आपापल्या वाचनालयांतली जुनी पुस्तकं आणि गणेशोत्सवाच्या स्मरणिका स्कॅन करून इंटरनेटवर एकत्र ठेवायचं ठरवलं होतं. कुणीही कुठूनही शोधलं तरी सापडायला हवं, म्हणून पुस्तकाच्या प्रत्येक भागाला चौघांनी एकच नाव द्यायचं, एवढीच गोष्ट होती. पण साधी गोष्ट चार गावच्या मराठी माणसांच्या हाती दिली की तिचं काय होतं, ते मी सांगायला नको.

आमच्या बाजूने आम्ही तिघं होतो. मी, शाळेत जन्म घालवलेली आणि त्यामुळे पटकन चिडणारी. दुसरे एक कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, ज्यांच्याकडे कॉम्प्युटरचं सगळं काम होतं. आणि तिसऱ्या, चार इमली या साहेबलोकांच्या वस्तीत राहणाऱ्या, एका मोठ्या अधिकाऱ्याच्या पत्नी. त्यांचं माहेर पुण्याचं, हे कुणी विचारण्याआधीच कळायचं. "प्रस्तावना दुसऱ्याने लिहायची असते आणि मनोगत स्वतः लेखकाने. एवढा फरक तरी आपण जपायलाच हवा," असं त्या म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं, म्हणून मला जास्त राग आला.

इंजिनियरांचा नियम मात्र सगळ्यांना आवडला. ते म्हणाले, "ताई, एकेका पानावर नाव टाकत बसलो तर अपना तो जनम निकल जाएगा. भाग जिथे सुरू होतो तिथे नाव टाका. पुढचं नाव येईपर्यंत मशीन तेच चालू ठेवेल." वा, म्हटलं. इतकं सोपं असेल तर भांडायचं कशाला?

भांडण स्मरणिकेच्या शेवटच्या भागावर अडलं. आमच्या सगळ्या जुन्या स्मरणिकांची ठेवण एकच. आधी संपादकीय, मग शुभेच्छा, लेख, जाहिराती, त्या वर्षी गेलेल्या मंडळींना श्रद्धांजली, आणि सगळ्यात शेवटी कुटुंबांची पानं. त्या पानांवर घरटी एक फोटो, खाली नावं, मूळ गाव आणि पत्ता. या पानांना आम्ही कुटुंब परिचय म्हणत होतो. इंदूरला सभासद सूची हवी होती. ग्वाल्हेरच्या एका काकांनी 'आपली माणसं' असं सुचवलं आणि ते मागे हटेनात. शेवटी चार इमलीच्या बाई म्हणाल्या, "तूर्तास हे रिकामं ठेवूया, पुढच्या बैठकीत बघू." जेवायची वेळ टळून गेली होती. कुणी हरकत घेतली नाही, आणि गुढीपाडव्याला ते सगळं लोकांसाठी खुलं झालं.

इथे माझ्या आईबद्दल सांगायला हवं. आम्ही दोघी भोपाळातच, कोटरा सुल्तानाबादला राहतो, वरच्या मजल्यावर, समोर छोटी गच्ची. आईने ऐंशी ओलांडली आहे आणि गुडघे गेलेत, त्यामुळे जिना म्हणजे तिला डोंगर. डॉक्टरकडे जायचं असेल तेव्हा उतरते, एरवी नाही. तिला एकच धाकटा भाऊ, उज्जैनला. माझा मामा तिला जीजी म्हणतो. म्हणायचा. मामी गेली तेव्हा माझं पोटाचं ऑपरेशन झालेलं होतं आणि आई माझ्या उशाशी बसून होती. तिने फोन केला, रडली, पण गेली नाही. मला घरी आणल्यावर ती उज्जैनला गेली तेव्हा मामा भिंतीकडे तोंड करून बसला होता. तो म्हणाला, "तू माझ्या बायकोला आली नाहीस. मी तुला येणार नाही." त्यानंतर भाऊबीज नाही, फोन नाही, काही नाही.

आईने ते कधी खरं मानलं नाही. "बोलला रागात," ती म्हणायची. "शेवटचं लुगडं माहेरचं असतं. तोच घेऊन येईल बघ, धावत." हे ती इतक्या खात्रीने सांगायची की तिच्या मरणाची गोष्ट चालली आहे हेच मी विसरून जायची. सगळे देव एकीकडे आणि तिचा हा एक भरवसा एकीकडे.

तर पाडव्यानंतर काही दिवसांनी अशोका गार्डन वस्तीत दुकान असलेले आमचे एक सभासद वाचनालयात आले आणि माझ्यासमोर धप्पकन बसले. चेहरा पांढरा पडला होता. "व्याह्यांचा फोन आला होता," ते म्हणाले. "मीच उचलला. ते रडत होते. म्हणाले, कब हुआ? मी म्हटलं, क्या कब हुआ? तर त्यांनी माझंच नाव घेतलं."

मला आधी हसू आलं. मग त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यांचा जुना फोटो, बायको, कडेवर मुलगी, आणि पानाच्या वर ठळक अक्षरांत त्या भागाचं नाव. श्रद्धांजली.

मी पान उलटलं. श्रद्धांजली. पुढचं, श्रद्धांजली. त्याच्या पुढचं, तेच. भोपाळातली यच्चयावत मराठी घरं, मांडीवरच्या बाळांसकट, आम्ही मारून टाकली होती. उलटता उलटता आमचं पान आलं. बाबा होते, त्यांचं एक बरोबर होतं, ते गेलेलेच आहेत. शेजारी आई, नाकात नथ, अगदी तरुण. आणि मध्ये मी, दोन वेण्या, पांढरा फ्रॉक, डोक्यावर श्रद्धांजली. स्वतःच्या बाबतीत असं काही लिहिलेलं वाचायची माणसाला सवय नसते.

मी इंजिनियरांना फोन करून इतकी ओरडले की वाचनालयातले दोन म्हातारे वर्तमानपत्र टाकून बाहेर गेले. ते शांतपणे म्हणाले, "ताई, मशीनने गलती नाही केली. आपण पुढचं नाव दिलंच नाही, मग ते मागचंच चालवणार ना." चारही गावांना फोन गेले. 'कुटुंब परिचय' हे नाव पाच मिनिटांत पक्कं झालं. ग्वाल्हेरच्या काकांनीसुद्धा चूं केलं नाही, त्यांच्या गावच्या स्मरणिकेत त्यांची स्वतःची तीन नातवंडं होती.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं, थोडं तिखटमीठ लावून. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "चला, आयुष्य वाढलं माझं," म्हणाली. खोटी बातमी उठली की माणूस आणखी जगतो, असं आमच्यात मानतात. मग पदराने डोळे पुसता पुसता ती एकदम थांबली.

"उज्जैनला पाहिलं असेल का गं कुणी?"

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. "छे," मी म्हटलं. "तिथे कोण बघतंय."

"लाव फोन. खामखा घाबरले असतील."

मी मामेभावाच्या बायकोला फोन लावला आणि आईला ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला. हे मी करायला नको होतं. माझा आवाज ऐकताच वहिनी रडायलाच लागली. "ताई, आत्याबाई गेल्या आणि तुम्ही आम्हाला कळवलंसुद्धा नाही! आमच्या मुलीने मोबाइलवर पाहिलं म्हणून कळलं. बाबांनी डोक्यावरून आंघोळ केली आणि गप्प बसले. आम्ही म्हटलं, भोपाळला जाऊ. तर शपथ घातली, कुणी जायचं नाही, कुणी फोन करायचा नाही."

मी तिला घाईघाईने सांगितलं की आई आहे, इथेच आहे, चूक झाली. पण ते सांगताना माझं लक्ष आईकडे होतं. तिचा चेहरा मी कधीच तसा पाहिला नव्हता. तिला मेलेलं ठरवल्याचं तिला काही वाटलं नव्हतं, ती हसली होती. ही बातमी वेगळी होती. ती मेली, भावाला कळलं, आणि तो आला नाही. स्वतःच्या मरणानंतरचं जे माणसाला कधीच कळत नाही, ते आमच्या एका रिकाम्या ठेवलेल्या जागेने तिला जिवंतपणी कळवलं होतं. मला वाटलं हा फोन भिंतीवर आपटावा, आणि त्यासोबत ती स्मरणिका, ते मशीन आणि आम्ही सगळे शहाणेही.

"दे म्हणावं त्याला फोन," आई म्हणाली.

तिकडे कुजबुज झाली. वहिनी मोठ्याने म्हणाली, "बाबा, आत्याबाई आहेत, जिवंत आहेत!" मग फोन त्याच्या हातात दिल्याची खुडबुड.

"अरे, मी बोलतेय," आई म्हणाली.

"ठाऊक आहे," मामाचा आवाज आला. किती म्हातारा झाला होता तो आवाज. "जिवंत आहेस ते ठाऊक आहे मला. पाहिलं तुला."

"कुठे पाहिलंस?"

"गच्चीवर. कुरडया घातल्या होत्यास आणि काठी घेऊन कावळे हाकलत होतीस."

आई माझ्याकडे बघायला लागली आणि मी आईकडे. "तू आला होतास?"

"देवासला डोळे दाखवायला जातो म्हणून घरून निघालो. लुगडं आणलं होतं तुला. म्हटलं उशीर झाला, पण माहेरचं द्यायचं राहू नये. रिक्षातून उतरलो, वर बघितलं तर तू." मग म्हणाला, "त्याच रिक्षाने परत स्टेशनवर गेलो."

"माझ्या दारातून?" आई म्हणाली. "घोटभर पाणी न पिता?"

आईने फोन तोंडाजवळ ओढला.

"म्हणजे मी मेले असते, तर वर आला असतास."

"हो," मामा म्हणाला.

इतकं खरं इतक्या सरळ कुणी बोलतं का? मला वाटलं आई आता फोन ठेवेल, आणि पुन्हा कधी त्या माणसाचं नाव काढणार नाही. तिने ठेवला असता तर मी तिला दोष दिला नसता.

आईने गुडघ्यावरून हात फिरवला. "जिना उंच आहे आमचा," ती म्हणाली. "गुडघे दुखत असतील तुझे."

"हो," मामा म्हणाला. "दुखतात."

"मग मी खाली येऊन बसते. ते लुगडं घेऊन ये. कुठल्या रंगाचं आहे?"

"जांभळं."

"ये घेऊन. नेसून दाखवते तुला."

"बघतो, जीजी," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत खाली उतरली. मी मागून खुर्ची घेऊन गेले आणि फाटकाशी ठेवली. ती ऊन चढेपर्यंत तिथे बसते, रस्त्यावर रिक्षा थांबली की मान वर करते, मग मी तिला हाताला धरून वर आणते. रोज. अजून मामा आलेला नाही.