साखरपुड्यात सांगितलेलं पेटंट

हसणार नाही असं कबूल करत असाल तरच सांगतो, सासुरवाडीला, चुडाव्यात मी काय माती खाल्ली ते.

मी परभणीत घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करतो. सॉफ्टवेअरचे काही सुटे भाग बऱ्याच कंपन्या मिळून वापरतात. कुणी कोणता भाग कधी बदलला, याची नोंद ब्लॉकचेनवर ठेवायची नवी पद्धत आमच्या टीमनं काढली. म्हणजे नोंदींची साखळी, एकाच वेळी सगळ्यांकडे. एकट्याला गुपचूप खोडता येत नाही. त्याचं पेटंट घ्यायचं होतं. वकील मॅडमनी बजावलं होतं, "अर्ज दाखल होईपर्यंत बाहेर एक शब्द नको. बोललात की पेटंट गेलं."

आणि मी कुठं बोललो असेन? मेहुणीच्या साखरपुड्यात. तेही माईकवर.

झालं काय, नवरदेवाकडच्यांची गाडी लेट. मांडव भरलेला, माईक रिकामा. सासऱ्यांनी जाहीर केलं, "तवर आमचे जावई बोलतील. ते कंप्युटर रिपेर करतेत."

रिपेर? माझं डोकंच फिरलं. घेतला माईक आणि सांगितलं की सगळं. वर लोकांना कळावं म्हणून सामाईक विहिरीचं उदाहरण दिलं. मोटर कुणी चालू केली, ते सगळ्या भागीदारांच्या मोबाइलवर एकदम उमटणार, तसंच हे. टाळ्या पडल्या. मी खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अजून सासुरवाडीतच होतो, मॅडमचा फोन आला. "आज अर्ज दाखल करतेय. बाहेर कुणाशी बोलला नाहीत ना?"

खरं ते सांगून टाकलं.

"किती लोक होते?"

"मांडवभर."

नोकरी गेली असं मी धरूनच चाललो. मग त्या म्हणाल्या, "त्यातल्या कुणाला तरी आत्ता विचारा, काय कळलं ते. मला ऐकू द्या."

सासरे समोरच चहा पीत होते. मी फोन स्पीकरवर टाकला. "मामा, काल मी माईकवर काय सांगितलं?"

"हेच की, विहिरीच्या मोटरीला साखळी बांधायची. मंग चोरीला जात न्हाई. लय कामाचं सांगितलं तुमी. दोघंजण साखळी आणायला पूर्णेला गेलेत बी."

"आणि कंप्युटरचं?"

"ते कुठं बोललाव तुमी?"

फोनमधून मॅडमचं हसू आवरत नव्हतं. "काहीही उघड झालेलं नाही. अर्ज आजच जातोय."

मी भिंतीला टेकून खालीच बसलो. इतकं हलकं तर लग्न ठरल्यावरही वाटलं नव्हतं. म्हटलं, "मॅडम, यापुढं बाहेर तोंड उघडणार नाही."

"छे, छे. दुसऱ्या कंपनीच्या लोकांनी विचारलं, तर समजावून सांगायला आम्ही तुम्हालाच पाठवू."