उठवायचं बटण

अंथुर्ण्याच्या माधवीला तिची सख्खी लेक नावानं हाक मारायची. "माधवे, पानी दी." चार वर्षांची पोर, स्वराली, आजीचं ऐकून आजीसारखीच कमरेवर हात ठेवून बोलायची. घरातले सगळे हसायचे. माधवीही हसायची आणि पाणी द्यायची. स्वराली आई म्हणायची ती ठमाबाईला, म्हणजे माधवीच्या सासूला. पोरीचा काय दोष? सकाळी डोळा उघडला की समोर ठमाबाई. तोंड धुवायला ठमाबाई, चहात चपाती कुस्करून द्यायला ठमाबाई. उठल्याउठल्या जी दिसते ती आई, एवढंच त्या जिवाला कळत होतं.

आणि माधवी त्या वेळी कुठं? पहाटे पाचच्या एसटीनं कधीच गेलेली. बारामतीच्या अलीकडं एका दूध संघात ती कॉम्प्युटर ऑपरेटर होती. साल एकोणीसशे नव्याण्णव. संघानं नुकतीच अकरा नवी मशीनं घेतली होती, गावोगावच्या शीतकरण केंद्रांसाठी एकेक, सगळी संघातल्याच एका खोलीत. सकाळी साडेसहापासून केंद्रांवरचे दुधाचे आकडे फोनच्या तारेवरनं यायला लागायचे, त्याआधी अकराही मशीनं चालू पाहिजेत. ती रात्रभर चालू ठेवायची नाहीत, हा मॅनेजर संभाजीराव साहेबांचा हुकूम. ऑपरेटरशिवाय कुणी हात लावायचा नाही, हाही त्यांचाच. खोलीची किल्ली एकच, ती माधवीच्या पर्समध्ये. म्हणजे बघा, अकरा बटणं दाबायला ही बाई पहाटे तासभर हिंदकळत जायची, आणि बटणं दाबून झाली की नऊपर्यंत नुसती बसून असायची. असली कामं कोण काढतं देव जाणे!

नवरा जोतीराम संघाचाच टँकर चालवायचा, आठवड्यातले चार दिवस बाहेर. नोकरी सोड असं ठमाबाई एकदाही म्हणाली नाही, हे त्या म्हातारीचं मोठेपण. पण एका रात्री स्वराली तापानं फणफणली. माधवीनं तिला मांडीवर घेतलं, तर पोर रडून लाल झाली. "मला आईकडं जायचंय!" माधवीनं तिला गुपचूप सासूच्या मांडीवर दिलं आणि परसदारी जाऊन हंबरडा फोडला. त्या दिवसापासनं तिच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली. सकाळी लेक उठंल तेव्हा समोर आपण पाहिजे.

नव्या मशीनांची पुस्तकं कपाटात तशीच पडून होती. संघात ती कुणी उघडली असतील तर शपथ. माधवीनं उघडली. त्यात एका जागी लिहिलं होतं, की मशीन बंद असलं तरी भिंतीचं बटण चालू असंल तर आतलं जाळ्याचं, म्हणजे नेटवर्कचं, कार्ड जागं राहतं. प्रत्येक कार्डाला आपला एक नंबर. त्या नंबरानं तारेवरनं हाक आली, की मशीन आपोआप उठतं. माधवीचा सासरा जिवंत असताना मेंढरं राखायचा, एकेकीला निराळी हाळी द्यायचा, आणि जिची हाळी तीच मेंढी मान वर करायची. माधवीला वाटलं, हे तर घरचंच हाय की.

मग तिनं जो ध्यास घेतला, काही विचारू नका. संघानं मोडीत काढलेली दोन जुनी मशीनं तिनं मागून घेतली. एक घरी आणलं, दुसरं संघाच्या सामानखोलीत ठेवलं. एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरनं तिनं सामानखोलीतल्या मशीनमध्ये सगळं भरलं, ते रात्रंदिवस चालू ठेवलं, त्याला फोनची आणि अकरा मशीनांची तार जोडली आणि त्याच्यावर एक पान उभं केलं. पानावर अकरा नावं, निरवांगी, लासुर्णे, कळस अशी, आणि प्रत्येक नावापुढं एक बटण. त्यावर लिहिलेलं, "उठ". घरनं फोन लावायचा, पान उघडायचं, बटण दाबायचं. मशीन उठलं की लाल नाव हिरवं व्हायचं. चार महिने लागले. दोनदा सगळं पुसलं गेलं, एकदा वीज पडून फोनच गेला. जोतीराम म्हणायचा, "आगं, डोळं जातील तुजं." ही ऐकतीय व्हय!

संभाजीराव साहेबांनी पान बघितलं, मिशीवरनं बोट फिरवलं. माणूस वाईट नव्हता, पण दूध नासायला वेळ लागत नाही हे त्याला ठाऊक होतं. म्हणाले, "आठ दिवस बघू. आठी दिवस साडेसहाला मशीनं चालू दिसली, तर तुम्ही नऊला या. एक दिवस जरी चुकला, तर हे खूळ बंद."

पहिल्या दिवशी सव्वासहाला माधवीनं बटणं दाबली. एकेक नाव हिरवं झालं आणि हिच्या डोळ्यातनं घळाघळा पाणी. सातला ती लेकीच्या उशाशी जाऊन बसली. स्वरालीनं डोळे उघडले, हिला बघितलं आणि भोकाड पसरलं, "आई कुठंय?" दुसऱ्या दिवशीही तेच. ठमाबाई मुद्दाम गोठ्यात जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी पोर रडली नाही, नुसती टकामका बघत राहिली. चौथ्या दिवशी लवकर जागी झाली आणि डोळे चोळत मशीनपाशी आली.

"काय करती?"

"झोपल्यात त्येंना उठवती. दाब की तू."

पोरीनं बोटानं बटण दाबलं. कळस हिरवं झालं. अशी खिदळली म्हणता! अकराही उठवून झाली, तशी धावत जाऊन परत अंथरुणात पडली, डोळे गच्च मिटले. "आता मला उठीव. माजं बटण दाब."

"कुठाय तुजं बटण?"

पोरीनं नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवलं. माधवीनं तिथं दाबलं, आणि स्वराली ताडकन उठून बसली. मग रोज तोच खेळ. नाकाचं बटण दाबल्याशिवाय उठायचंच नाही. सहाव्या दिवशी नाक दाबल्यावर डोळे उघडले आणि पोर म्हणाली, "आई, परत दाब." कुणी शिकवलं नव्हतं. दारात उभ्या ठमाबाईनं डोळ्याला पदर लावला. तिचं काय गेलं आणि काय आलं, ते तिचं तिलाच माहीत.

सातवा दिवस खंडेनवमीचा. संध्याकाळी सामानखोलीत हत्यारं पुजायची संघाची रीत. झाडलोट करणारी कुशाबाई दर वर्षी पूजा मांडायची. खोरं, पहार, कोयता, वजनकाटा सगळं धुऊनपुसून ओळीनं ठेवायची. माधवीला परतीची एसटी गाठायची होती. ती नारळ कुशाबाईच्या हातात देत म्हणाली, "मावशी, माज्या मशीनला बी हळदकुंकू लाव. त्येच्यामुळं लेक मिळाली मला."

"लावती की बाय! लावायचं न्हाय व्हय?"

घरी आल्यावर स्वरालीला कुशीत घेऊन म्हणाली, "उद्या दसरा. उद्या बी मीच उठवणार."

दसऱ्याला सव्वासहाला माधवीनं फोन लावला. पलीकडं घंटी वाजत राहिली, उचलायला कुणी नाही. परत लावला. पाच वेळा लावला. मग संघाच्या गेटवर फोन केला. वॉचमन बिरू म्हणाला, "सामानखोलीची किल्ली कुशाबाईकडं, ती आठला येती. मशीनच्या खोलीची तुमच्याकडं. मी काय करू, ताई?" घड्याळात साडेसहा झाले. जोतीराम टँकर घेऊन सोलापूरकडं गेलेला. माधवीनं झोपलेल्या लेकीकडं एकदा बघितलं. उठवायला थांबली असती, तर गळ्यात पडलेली पोर सुटली नसती. शेजाऱ्याच्या मोटारसायकलीवर मागं बसून ती तशीच निघाली.

पोचेस्तवर पावणेआठ. आकडे अडकले, आकड्यांविना टँकर भरले नाहीत, टाक्यांत न मावलेलं दोन केंद्रांचं दूध बाहेरच नासलं. संभाजीराव साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसते म्हणाले, "उद्यापासनं पहिल्यासारखं साडेसहाला हजर."

आठला कुशाबाई आली. सामानखोली उघडली. हत्यारांच्या ओळीत अगदी मधोमध जुनं मशीन, त्याला झेंडूचा हार, पडद्यावर हळदकुंकवाची पाच बोटं. खाली वायर नीट गुंडाळून त्यावरही एक फूल ठेवलेलं.

"मावशी, वायर का काढली?"

"आता गं बया! हत्यार पुजंला बसवलं की त्येला कुणी कामाला लावतं व्हय? दसऱ्याची आरती झाल्याबिगार हलवायचं नसतं. लई राबतंय बिचारं, म्हनलं एक रात निजू दे." आणि माधवीचं तोंड बघून म्हातारी घाबरली. "काय चुकलं का गं माजं?"

पूजा करायला माधवीनंच सांगितलं होतं. हत्यार नवमीला विसावतं, हे ती लहानपणापासनं बघत आली होती. पण आपलं मशीनही हत्यारच, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही. हातातोंडाशी आलेला घास, आणि स्वतःच्याच हातानं घालवलेला. "न्हाय मावशी, तुजं काय चुकलं न्हाय," असं म्हणून तिनं कुशाबाईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि पोटभर रडली.

संध्याकाळी घरी आली, तर ठमाबाई दारातच. "बया, पोरगी सकाळपासनं हातरुणातच हाय. डोळं मिटून. जेवली न्हाय. जागी हाय, मला कळतंय. म्या बी नाक दाबून बघितलं. म्हनती, तुज्या बोटानं लागत न्हाय."

माधवी आत गेली. स्वराली वाकळीवर उताणी पडली होती, पापण्या आवळलेल्या. माधवीनं वाकून नाकाच्या शेंड्यावर बोट टेकवलं. डोळे उघडले नाहीत. पापण्यांखालनं पाणी तेवढं कानाकडं ओघळलं.

"आई, आता सकाळ न्हाय."

"व्हय गं माजे बाय."

"उद्या सकाळी उठीवशील?"

उद्या पहाटे लेक झोपेत असतानाच निघायचं होतं, आणि पाचच्या एसटीसाठी भरून ठेवायची पर्स माधवीच्या खांद्यालाच होती. किल्ली आत खुळखुळत होती. दारात ठमाबाई उभी.

"व्हय," माधवी म्हणाली. "उद्या मीच उठवणार."

तेव्हा कुठं स्वरालीनं डोळे उघडले, आणि आईकडं बघून हसली.