उजव्या मनगटावरची फीत

सिनेमातलं रक्त मी बनवतो. साखरेचा पाक, लाल रंग आणि चिमूटभर कॉफी. जन्म यात गेला, त्यामुळे कुठलं रक्त माझं आणि कुठलं नाही, हे मला लांबूनही कळतं. तरी त्या दिवशी मी गप्प बसलो. ओदिलबद्दल सांगण्याआधी हे कबूल केलेलं बरं.

एका शॉटला पुढचा शॉट जुळतो का, हे बघणं ओदिलचं काम. गळ्यात स्टॉपवॉच, मांडीवर वही, शेजारी पोलरॉइड कॅमेरा. ग्लासात वाइन किती उरली होती, केस कुठल्या कानामागे होते, सगळं वहीत. सख्ख्या बहिणीच्या लग्नात तिने फोटोग्राफरला थांबवलं होतं, का तर नवरदेवाने मघाशी केकची सुरी उजव्या हातात धरली होती आणि आता डाव्या! सेटवर प्रत्येक टेकनंतर दिग्दर्शक फक्त "ओदिल?" एवढंच विचारायचा. ती म्हणायची "जुळतंय" किंवा "नाही जुळत". त्यापुढे कुणाचं काही चालत नसे. एकतीस वर्षांत तिची एकही चूक पडद्यावर गेली नव्हती, आणि त्याचा तिला भलताच तोरा होता.

दोन हजार सालचा हिवाळा. पॅरिसला लागून असलेल्या मोंत्रोयमधल्या एका बंद पडलेल्या लाँड्रीत आम्ही शूटिंग करत होतो. चुंबन घेता घेता बायकोला चावू लागणाऱ्या माणसाची गोष्ट. खिडक्यांना काळं कापड ठोकून सकाळी अकराला आम्ही रात्र केली होती. दारावरचा लाल दिवा लागला की कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही.

कापुसिन नावाची, लिमोज गावाहून आलेली मुलगी पलंगावर होती. वय तेवीस, पहिलाच सिनेमा. तिचं डावं मनगट निळ्या फितीने पलंगाच्या दांडीला बांधलेलं. खांद्यावर मी नकली कातडी चिकटवली होती. नट गायतांने तिथेच चावायचं ठरलं होतं. तो चावला वर, मानेला. कापुसिन ताडकन ताठ झाली.

"वा! काय चेहरा!" दिग्दर्शक आर्मां ओरडला.

मी पुसायला गेलो. पाक निघाला आणि खाली दातांचे व्रण दिसले, त्यातून बारीक रक्त येत होतं. ते माझं नव्हतं.

"कुणाला सांगू नका ना," ती कुजबुजली. "माझ्या जागी दुसरी आणतील."

मान वर केली तर ओदिल त्याच जागेकडे बघत होती. तिने सवयीने फोटो काढला.

"ओदिल?"

तिने नजर वहीत घातली. "जुळतंय."

"छान. पण अजून एकदा. गायतां, भूक कमी पडतेय रे!"

रक्त धुवायला तिला उठवून बसवायचं म्हणून मी फीत सोडली, कातडी पुन्हा चिकटवली, फीत बांधली. नजर सगळा वेळ तिच्या मानेवरच होती. दार बंद झालं.

दुसऱ्यांदा तो पुन्हा मानेलाच चावला. या वेळी ती किंचाळली, आणि आवाजवाल्याने कानांवरचे हेडफोन काढून टाकले. आम्ही सगळे जमिनीकडे बघत होतो. मला बाहेर पळून जायचं होतं, पण लाल दिवा चालू होता. बहाणाच तो, दुसरं काय.

"मस्त! ओदिल?"

तेव्हा माझं लक्ष गेलं. फीत उजव्या मनगटाला होती. मीच बांधली होती! सकाळपासूनच्या सगळ्या शॉटमध्ये ती डाव्याला होती. ओदिलची पेन्सिल वहीवर थांबली होती. ती "नाही जुळत" म्हणाली असती, तर कापुसिनला तिसऱ्यांदा चावा बसला असता.

"ओदिल, झोपलीस की काय?"

"जुळतंय."

"नक्की? मला उगाच वाटलं की..."

"एकतीस वर्षं हे काम मी करतेय की तू?" ती फिस्कारली. "जुळतंय म्हटलं ना! दिवे लावा, दार उघडा."

सिनेमा लागला. सगळ्यात भयंकर क्षणी फीत या हातावरून त्या हातावर उडी मारते, आणि अख्खं थिएटर हसलं. एका मासिकाने तर त्यावर चौकट छापली. बाई आता थकल्या, असं लोक बोलू लागले, आणि ओदिलचा फोन वाजेनासा झाला. 'फीत मी बांधली' एवढंच मला सांगायचं होतं. नाही सांगितलं. भेकड माणूस मी.

सात वर्षांनी सफरचंदाचा टार्ट घेऊन तिच्या घरी गेलो.

"ती फीत मी बांधली होती, ओदिल."

"माहीत आहे. तुझ्या गाठी मी ओळखत नाही होय?"

"माझी चूक तुझ्या नावावर गेली."

ती उठली, तिने कपाटातून एक पोलरॉइड काढून माझ्यासमोर ठेवला. कापुसिनची मान, त्यावर दातांचे व्रण. मागे ओदिलच्या अक्षरात लिहिलेलं: टेक पहिला.

"फितीचं मला काही वाटत नाही," ती म्हणाली. "हे मी पाहिलं होतं. पाहिलं आणि जुळतंय म्हणाले. ते कुणालाच दिसलं नाही."

"मला दिसलं होतं," मी म्हणालो.

"हो," ओदिल म्हणाली. "तू पुसत होतास."