पाण्याच्या वॅगनचं माप

लातूरला पाण्याची रेल्वेगाडी येऊ लागली तेव्हा सगळं गाव घागरी घेऊन फिरत होतं आणि मी मोजपट्टी घेऊन स्टेशनावर गेलो. इथवर नुसता वेडेपणा होता. मूर्खपणा पुढे केला. एक माप घ्यायचं राहिलं, ते मी मनानंच लिहून दिलं.

माप कुणाला हवं होतं ते आधी सांगतो. नांदेडला माझे एक स्नेही आहेत, मालगाडीवरचे निवृत्त गार्ड. मी त्यांना दादा म्हणतो, ते मला कारकून म्हणतात. त्यांच्या मागच्या खोलीत भलंमोठं टेबल आहे. त्यावर रूळ, सिग्नल, पुठ्ठ्याचं स्टेशन, आणि विजेवर चालणारी, वीतभर इंजिनाची रेल्वे. खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशी पट लहान. रविवारी आम्ही चौघं तिथं जमायचो : दादा, मी, एक घड्याळजी आणि एक होमिओपॅथीचे डॉक्टर. चौघांच्या वयाची बेरीज करायला नको. चहा घेऊन येताना वहिनी दारातूनच विचारत, "बालवाडी सुटली का?"

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा माझी नांदेडहून तिकडे बदली झाली. नव्या जिल्ह्याची मजा काय सांगावी! पाटीचा रंग ओला, टेबलं कमी, आणि साहेब इतके नवे की लोकांना कोण साहेब नि कोण कारकून हे कळतच नसे. निलंग्याकडून, जळकोटाकडून आलेली माणसं मलाच नमस्कार करत. मी आवक-जावक बघणारा माणूस. पण "साहेब" म्हटलं की मी मान हलवायचो, अगदी सावकाश, साहेबासारखी. ती सवय पुढेही सुटली नाही. तरी रविवारी एसटी पकडून नांदेडला जाणं काही चुकवलं नाही.

आमच्या बालवाडीचं एकच दुःख होतं, मालडबे. इंजिनं कशीबशी मिळत. घड्याळजी त्यांच्या मोटारी दुरुस्त करी. पण विकत मिळणारे डबे सगळे परदेशी, त्यावर कुठल्याशा दारूच्या कारखान्याचं नाव रंगवलेलं. आपल्याकडचे म्हणावेत असे डबे दादांनीच बनवलेले, पण ते त्यांच्या उमेदवारीच्या काळातले : चार चाकांचे, लाकडी पेटीसारखे. खऱ्या रुळांवर ते कधीच दिसेनासे झाले होते.

"बाहेर बघ," दादा म्हणत, "आठ-आठ चाकांच्या वॅगनी पळून राहिल्यात. सिमेंटच्या, कोळशाच्या, तेलाच्या. अन् आमच्या टेबलावर अजून निजामाचंच राज्य हाय!"

नव्या वॅगनींची मॉडेलं काढा म्हणून आम्ही खेळण्यांच्या कारखान्यांना पत्रं लिहिली. म्हणजे मी लिहिली. कारकून कशाला असतो? विषय, संदर्भ, खाली 'प्रत माहितीस्तव', सगळं रीतसर. एका ठिकाणाहून उत्तर आलं. सोबत लहान मुलांच्या तीनचाकी सायकलींचं माहितीपत्रक होतं.

मग दादांना काचबिंदू झाला. एक डोळा गेला, दुसरा चालला होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना स्पष्टच सांगितलं, वर्षभर मिळेल, जास्त धरू नका. त्या वर्षी दादांनी एवढंच मनात घेतलं : दिसतंय तोवर एक आजची वॅगन आपल्या हातानं करायची. आणि नेमकी त्याच उन्हाळ्यात लातूरला टाक्यांच्या वॅगनी पाणी घेऊन येऊ लागल्या. दादांचा फोन आला.

"कारकुना, तुझ्या दारातच वॅगन येऊन राहिली की रे. फोटो मला नको, फोटोत खालचं दिसत न्हाई. खाली वाक. दोन बोग्यांच्या, म्हंजे खालच्या चार-चार चाकांच्या जोडांच्या, मध्याचं अंतर मोज. बाकी समदं मी जमवतो, पण ते चुकलं तर गाडी वळणावर टिकायची न्हाई."

स्टेशनावर पोलीस होते. मी गळ्यात जुनं ओळखपत्र अडकवलं, निवृत्तीनंतर जे परत करायचं राहून गेलं होतं, आणि सरळ आत गेलो. कुणी हटकलं नाही. टाकीची लांबी घेतली, शिडीच्या पायऱ्या मोजल्या, चाकाचा व्यास घेतला, सगळं डायरीत टिपलं. आता खाली वाकायचं, तेवढ्यात कुंपणापलीकडून एका बाईनं हाक मारली.

"ओ साहेब! आमच्या गल्लीला कधी?"

मी वळलो. दहा-बारा बायका, काखेत रिकाम्या घागरी. माझ्या एका हातात मोजपट्टी, दुसऱ्यात डायरी, गळ्यात कार्ड. मी पाणी मोजायला आलेला अधिकारी आहे असं त्यांना वाटलं, त्यात त्यांची काय चूक? 'मी कुणी नाही' एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. पण "साहेब" ऐकून कितीतरी वर्षं झाली होती. मी डायरी उघडली. त्यात शिडीच्या पायऱ्या लिहिलेल्या. त्या आकड्यांकडे बघून म्हणालो, "परवा. सकाळी नऊला टँकर येईल."

"अन् आमच्याकडं?" दुसरी.

"कोणती गल्ली?" मी विचारलं. विचारलं म्हणजे काय, अगदी चष्मा नाकावर ओढून विचारलं. बघता बघता गर्दी झाली. मी प्रत्येकीला वार आणि वेळ देत गेलो. एका म्हातारीनं हात जोडले, तिलाही वार दिला. मागून हवालदारानं विचारलं, "साहेब, आपण कोणत्या खात्याचे?" मग मी जो सुटलो तो रिक्षा सापडेपर्यंत चालतच राहिलो. बोग्यांचं अंतर राहिलं ते राहिलंच.

तिसऱ्या दिवशी बायको सकाळीच दोन घागरी घेऊन बाहेर पडली ती दुपारी बाराला परतली. घागरी तशाच कोरड्या.

"मागच्या गल्लीत टँकर येणार म्हणून कुणी साहेब सांगून गेला होता म्हणे," ती पायरीवर बसून म्हणाली. "तीन तास उन्हात उभ्या होतो. एक बाई चक्कर येऊन पडली. पट्टीनं पाणी मोजत होता म्हणे मेला. अहो, पट्टीनं पाणी मोजतात का कुठं?"

मी नाही म्हणालो. आणि माठातलं उरलेलं पाणी तिला दिलं. तेही तिनंच भरून ठेवलेलं होतं.

पुन्हा स्टेशनावर जाऊन माप घेता आलं असतं. पण त्या बायकांपैकी एखादी भेटली तर? मी घरी बसून एक आकडा ठरवला. बाकीच्या मापांच्याच शाईनं, त्याच वळणदार अक्षरात लिहिला, आणि रविवारी दादांच्या हातात कागद ठेवला. त्यांनी तो डोळ्याशी नेऊन वाचला नि माझ्या पाठीवर थाप मारली. "आता कसं! सरकारी काम म्हंजे पक्कं काम."

दादा उन्हाळाभर ती वॅगन करत होते. टाकीसाठी माझ्याच घरच्या कोरड्या नळाच्या पाइपाचा तुकडा नेला होता. शिडी तारेची, झाकण शर्टाच्या बटणाचं. दुपारच्या उजेडात, भिंग लावून, बराचसा भाग बोटांनी चाचपडत. पाऊस पडला, गाडी यायची बंद झाली, तेव्हा त्यांची वॅगन तयार झाली. काळीभोर, देखणी. आम्ही चौघं उभं राहून बघत होतो. सरळ रुळावर ती छान पळाली. पहिल्याच वळणावर चाक वॅगनच्या टोकाच्या आडव्या पट्टीला घासलं आणि वॅगन आडवी झाली. दादांनी पुन्हा लावली. पुन्हा आडवी.

पाचव्या वेळी त्यांनी ती उचलून उलटी केली आणि बोटांनी बोग्या चाचपल्या.

"हे अंतर तू मोजलं व्हतंस?"

मी सगळं सांगितलं. म्हातारीसकट. घड्याळजी खिडकीबाहेर बघू लागला. दादांनी वॅगन स्टेशनामागच्या रुळावर उभी करून ठेवली. खालचा सांगाडा सगळा कथलाचा डाग देऊन पक्का केलेला, नव्यानं करायला डोळा हवा होता. दिवाळीपर्यंत तो राहिला नाही.

आता आजच्या वॅगनींची मॉडेलं आपल्याकडे मिळतात. आम्ही मागत होतो तशीच, हुबेहूब. बातमी कळली तशी मी एक टाकीची वॅगन मागवली आणि नांदेडला घेऊन गेलो. प्रायश्चित्त म्हणा हवं तर. दादांच्या हातात दिली. त्यांनी शिडी मोजली, झाकण चाचपलं, मग उलटी करून दोन बोग्यांवर दोन अंगठे टेकवले आणि बराच वेळ तसेच धरून बसले. मग म्हणाले, "चालव."

मी चालवली. वळणापाशी त्यांनी मान वाकडी करून कान दिला. गाडी खडखडत वळली, स्टेशन ओलांडून पुन्हा आली. त्यांच्या तोंडावर मी काहीतरी शोधत होतो, हसू म्हणा, माफी म्हणा.

"ज्यानं ही केली," दादा म्हणाले, "तो गाडीखाली वाकला असंल. तुला मोजायला धाडलं व्हतं, तू मिरवून आलास."